यूएसबी लावताच बूटलोडर कोसळतो: नल पॉइंटर शोधण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेतातल्या पंप कंट्रोलरमध्ये नवीन फर्मवेअर टाकायचं तर आमच्याकडे यूएसबी हाच खात्रीचा रस्ता आहे. बांधावर नेटवर्क मिळेलच याचा नेम नसतो. म्हणून बूटलोडरमधला (बोर्ड चालू होताच आधी धावणाऱ्या प्रोग्रॅममधला) यूएसबीचा कोड कोसळला की नुसता बोर्ड अडत नाही, त्या माणसाचं ओलित अडतं. दारव्हा, दिग्रस, वरूड, हिंगणघाट भागातली डिप्लोमा आणि आयटीआय केलेली मुलं या कामात शिरली की जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल; त्यात खरा पत्ता न भरता शून्य राहिलं तर तो नल, म्हणजे रिकामा पॉइंटर. उदाहरणं मुख्यतः यू-बूट या बूटलोडरची आहेत, कारण लिनक्स चालवणाऱ्या छोट्या बोर्डांवर बहुधा तोच असतो. लहान मायक्रोकंट्रोलरवर स्वतःचा बूटलोडर लिहिणाऱ्यांसाठी फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

भाऊ, केबल लावली का बोर्ड बंद पडते. जळला काय?

बहुतेक वेळा नाही. आधी सिरियल केबल (बोर्ड छापतो ते लॅपटॉपवर दाखवणारी) लावा आणि तोच प्रकार दोन-चारदा घडवून पाहा. दर वेळी त्याच पत्त्यावर, तोच मजकूर छापून कोसळत असेल तर दोष कोडमध्ये आहे. वीज कमी पडणं, सैल जोड, तापलेला रेग्युलेटर यांनी होणारे बिघाड असे एकाच ओळीवर ठाण मांडून बसत नाहीत. आज इथे, उद्या तिथे असं फिरतात. मे महिन्यात टिनाच्या शेडमध्ये पारा ४५ च्या वर गेला की सगळं खापर उन्हावर फोडायची आपल्याला सवय आहे. पण ऊन दर वेळी नेमका तोच पॉइंटर रिकामा करत नाही.

दुसरी खूण म्हणजे रीसेटचं कारण. पुष्कळ चिपमध्ये शेवटचा रीसेट कशामुळे झाला ते सांगणारं रजिस्टर असतं, आणि काही बोर्डांवर यू-बूट सुरुवातीलाच ते छापतो. तिथे पॉवर-ऑन किंवा ब्राउनआउट (व्होल्टेज घसरणं) दिसलं तर आधी सप्लाय तपासा. वॉचडॉग (अडकलेला बोर्ड रीसेट करणारा टायमर) दिसलं तर कोड कुठेतरी अडकला होता.

बूटलोडरमध्ये बोर्ड यूएसबी “डिव्हाइस” असतो म्हणजे काय?

पेनड्राइव्ह लावतो तेव्हा बोर्ड होस्ट असतो. फास्टबूट, डीएफयू (दोन्ही यूएसबीवरून फाइल चढवायला) किंवा यूएमएस (बोर्डाची साठवण पेनड्राइव्हसारखी दाखवायला) चालवतो तेव्हा लॅपटॉप होस्ट आणि बोर्ड डिव्हाइस. यातली एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवा: यूएसबीमध्ये सुरुवात नेहमी होस्ट करतो. तो कधी विचारेल, काय विचारेल, मध्येच रीसेट देईल का, यातलं काहीही बोर्डाच्या हातात नाही. या पानावरची अर्ध्याहून जास्त उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

नल पॉइंटर म्हणजे शून्य पत्ता. मग एका बोर्डावर लगेच कोसळतं आणि दुसऱ्यावर तोच कोड चालतो, असं काहून?

कारण शून्य पत्त्यावर काय आहे ते प्रत्येक चिपचं वेगळं असतं. लॅपटॉपवर लिनक्समध्ये शून्याचं पान मुद्दाम रिकामं ठेवलेलं असतं, म्हणून प्रोग्रॅम तिथे हात लावताच मारला जातो. बूटलोडरमध्ये असं संरक्षण आपोआप मिळत नाही. आय.एमएक्स६ वर शून्यापासून बूट रॉम आहे, त्यामुळे नल पॉइंटरमधून वाचलं तर रॉममधला कुठलातरी आकडा मिळतो आणि कोड पुढे सरकतो. रास्पबेरी पायवर तिथून रॅमच सुरू होते, म्हणजे वाचता येतं आणि लिहिताही येतं. ज्या चिपवर शून्याचा भाग एमएमयूच्या (मेमरीच्या पत्त्यांचा नकाशा सांभाळणाऱ्या भागाच्या) नकाशात नाही, तिथे मात्र जागच्या जागी अ‍ॅबॉर्ट येतो, म्हणजे प्रोसेसर काम तोडून दोष कळवतो.

कॉर्टेक्स-एम वर, म्हणजे लहान मायक्रोकंट्रोलरमधल्या आर्म प्रोसेसरवर, हे आणखी फसवं आहे. एसटीएम३२ च्या नेहमीच्या मांडणीत शून्य पत्त्यावर फ्लॅशमधला व्हेक्टर टेबल (सुरुवातीचे पत्ते ठेवलेला तक्ता) दिसतो आणि त्याचा पहिला शब्द म्हणजे स्टॅक पॉइंटरची सुरुवातीची किंमत. नल पॉइंटरमधून पहिला शब्द वाचला तर हेक्समध्ये २००० ने सुरू होणारा, अगदी खऱ्या रॅमसारखा दिसणारा पत्ता हाती येतो. कोड तो खरा पॉइंटर समजून त्याच्या आत शिरतो आणि बऱ्याच पुढे, भलत्याच फंक्शनमध्ये मरतो. तुमच्या चिपमध्ये एमपीयू (मेमरीचे भाग कुलूपबंद करणारा भाग) असेल तर शून्याजवळचा छोटा भाग वाचायला आणि लिहायला बंद करून टाका. काम वाढतं, पण दोष जन्मतो त्याच जागी पकडला जातो.

म्हणून “माझ्या बोर्डावर चालते” याचा अर्थ पॉइंटर भरलेला आहे असा होत नाही. चुपचाप चालणारा बोर्ड जास्त धोक्याचा, कारण त्याच्यावर विसंबून आपण माल बाहेर पाठवतो.

सिरियलवर ढीगभर आकडे छापून बोर्ड थांबला. त्यातलं वाचायचं काय?

सगळ्यात आधी ते आकडे जपून ठेवा. टर्मिनलचा लॉग फाइलमध्ये जाऊ द्या. नाही जमलं तर मोबाइलने फोटो काढा. रीसेटचं बटण त्यानंतर.

६४ बिट आर्मवर यू-बूट “सिंक्रोनस अ‍ॅबॉर्ट” असं लिहून ईएसआर, ईएलआर आणि एलआर छापतो. नवीन आवृत्त्यांत एफएआर हे रजिस्टरही येतं. ईएसआर सांगतो काय घडलं, ईएलआर सांगतो कोणत्या सूचनेवर घडलं, एलआर सांगतो तिथे बहुधा कोणी पाठवलं, आणि एफएआर सांगतो कोडने कोणत्या पत्त्याला हात लावला.

ईएसआरचा आकडा हेक्समध्ये ९६ ने सुरू झाला तर तो डेटा अ‍ॅबॉर्ट आहे, म्हणजे वाचताना किंवा लिहिताना ठेच लागली. शेवटचे दोन अंक ०४ ते ०७ असतील तर तो पत्ता एमएमयूच्या नकाशातच नाही. शेवट ४४ ते ४७ असेल तर दोष तोच, पण लिहिताना झाला. शेवट १० असेल तर पत्ता नकाशात आहे, मात्र पलीकडून बसने नकार दिला. यूएसबी कंट्रोलरचा क्लॉक चालू न करता त्याची रजिस्टरं वाचली की काही चिपवर नेमकं हेच दिसतं, आणि लोक त्याला नल पॉइंटर समजून दिवस घालवतात. शेवट २१ म्हणजे अलाइनमेंटचा दोष. यूएसबीचे पॅक केलेले डिस्क्रिप्टर (डिव्हाइसची ओळख सांगणारे तक्ते) वाचताना तो येऊ शकतो. हे दोन्ही नल पॉइंटरचे रोग नाहीत, त्यांचं औषध वेगळं.

३२ बिट आर्मवर “डेटा अ‍ॅबॉर्ट” किंवा “प्रीफेच अ‍ॅबॉर्ट” आणि त्याखाली पीसी, एलआर आणि बाकीची रजिस्टरं येतात. तिथे आर० ते आर३ वर नजर टाका. एखादं शून्य असेल आणि पीसीवरची सूचना त्यातूनच वाचत असेल, तर रिकामा पॉइंटर तोच.

कॉर्टेक्स-एम वर हार्डफॉल्ट येतो. त्या क्षणी प्रोसेसर स्वतःहून आठ शब्द स्टॅकवर ठेवतो: आर० ते आर३, आर१२, एलआर, पीसी आणि स्टेटस रजिस्टर. सातवा शब्द पीसी. तो छापणारा चार ओळींचा हार्डफॉल्ट हँडलर तुमच्या बूटलोडरमध्ये नसेल तर आजच टाका.

एफएआरमध्ये शून्य नाही, हेक्स १८ आहे. मग नल पॉइंटर कसा?

नलच आहे. पॉइंटर स्ट्रक्चरचा होता, स्ट्रक्चरचा पत्ता शून्य होता, आणि कोड त्यातल्या २४ व्या बाइटवरचं मेंबर वाचायला गेला. हा आकडा फार उपयोगी आहे. पाहोल नावाचं साधन डीबग माहितीतून प्रत्येक स्ट्रक्चरच्या मेंबरची जागा छापून देतं. संशय असलेल्या स्ट्रक्चरमध्ये हेक्स १८ वर कोण बसलं आहे ते पाहा, रिकामा पॉइंटर नावानिशी सापडतो.

उलटा प्रकारही होतो. कंटेनर-ऑफ मॅक्रो आतल्या मेंबरच्या पत्त्यातून जागा वजा करून बाहेरच्या स्ट्रक्चरचा पत्ता काढतो. त्याला शून्य दिलं तर वजाबाकी शून्याच्या खाली जाते आणि पत्ता एफ एफ एफने सुरू होणारा प्रचंड आकडा होतो. गॅजेट ड्रायव्हरमध्ये (बोर्डाला यूएसबी डिव्हाइस बनवणाऱ्या कोडमध्ये) हा मॅक्रो जागोजागी असतो. शिवाय अशा पॉइंटरवर “नल आहे का” ही तपासणी लागूच पडत नाही, कारण तो आता शून्य उरलेला नसतो.

काहीच छापत नाही, बोर्ड नुसता पुन्हा सुरू होतो.

रिकामा कॉलबॅक (नंतर हाक मारण्यासाठी पॉइंटरमध्ये ठेवलेलं फंक्शन) बोलावला गेल्याची शंका घ्या. फंक्शन पॉइंटर शून्य असताना त्याला हाक मारली की प्रोसेसर शून्य पत्त्यावर उडी मारतो. तिथे बूट रॉम असेल तर रॉमचा कोड भलत्याच अवस्थेत पुन्हा चालू लागतो, आणि बाहेरून ते रीसेटसारखं दिसतं किंवा बोर्ड गोठतो. जिथे अ‍ॅबॉर्ट येतो तिथे ईएलआर किंवा पीसी शून्य दिसतो. अशा वेळी पीसीचा नाद सोडा आणि एलआर पकडा, हाक मारणारा तिथे सापडेल. कॉर्टेक्स-एम वर शून्यावर उडी मारली की थंब बिट (सूचना कोणत्या प्रकारच्या ते सांगणारा) निघून जातो आणि फॉल्ट येतो.

पत्ता मिळाला. कोडमधली ओळ कशी काढायची?

अ‍ॅडर-टू-लाइन हे साधन वापरा. त्याला द्यायची ती फाइल बिन नाही, बिल्डच्या फोल्डरमधली ईएलएफ (पत्ते आणि ओळींची माहिती असलेली). एसपीएलची, म्हणजे यू-बूटच्या आधी धावणाऱ्या छोट्या टप्प्याची, ईएलएफ वेगळी असते. आणि बोर्डावर जो बिल्ड आहे त्याचीच हवी. एक पर्याय बदलून पुन्हा बिल्ड केलं की पत्ते सरकतात आणि साधन मोठ्या आत्मविश्वासाने चुकीची ओळ दाखवतं. बाहेर दिलेल्या प्रत्येक बिल्डची ईएलएफ तारीख घालून जपून ठेवा.

यू-बूट सुरू झाल्यावर स्वतःला रॅमच्या वरच्या टोकाला हलवतो, म्हणून छापलेला पत्ता ईएलएफमधल्या पत्त्याशी जुळत नाही. आर्मवर तो दोन्ही छापतो, आणि “रीलॉक” लिहिलेला आकडा सरळ वापरता येतो. नसेल तर बीडी-इन्फो ही आज्ञा चालवा, किती सरकला ते तिथे दिसतं, ते वजा करा.

ओळ सापडली. तिथे “नल असेल तर परत जा” टाकलं आणि कोसळणं थांबलं. झालं ना काम?

नाही. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच.

कालव्याच्या टोकावरच्या वावरात पाणी पोचलं नाही तर आपण तिथे खड्डा खणत बसत नाही, फाटा वर कुठे बुजला ते पाहत जातो. कोसळण्याची ओळ हे टोकावरचं वावर आहे. विचारायचं ते असं: हा पॉइंटर कोणी भरायचा होता? कधी भरायचा होता? त्याच्या आधीच होस्ट कसा येऊन पोचला?

नुसती तपासणी टाकली तर काय होतं ते पाहा. समजा होस्टने क्लास रिक्वेस्ट (त्या प्रकारच्या डिव्हाइससाठीची खास मागणी) पाठवली आणि चालू कॉन्फिगरेशनचा पॉइंटर रिकामा होता. तुमचा कोड गुपचूप परत गेला. एंडपॉइंट शून्यवर (होस्टच्या मागण्या येतात त्या वाटेवर) ना उत्तर गेलं, ना स्टॉल, म्हणजे “हे जमणार नाही” असा नकार. होस्ट वाट पाहत बसतो. लिनक्समध्ये डीमेसेजला (कर्नलच्या लॉगमध्ये) वजा ११० हा आकडा येतो, म्हणजे वेळ संपली. आधी निदान कोणत्या ओळीवर मरतो ते कळत होतं; आता बोर्ड जिवंत दिसतो, फर्मवेअर चढत नाही, आणि वावरात उभ्या असलेल्या माणसाला कारणच कळत नाही.

तपासणी कुठे योग्य? जिथे पॉइंटर रिकामा असणं हीच खरी, नियमाला धरून असलेली अवस्था आहे तिथे. कॉन्फिगरेशन ठरण्याआधी आलेली इंटरफेसवरची रिक्वेस्ट हे त्याचं चांगलं उदाहरण. होस्ट ती पाठवू शकतो, आणि तिला योग्य उत्तर म्हणजे स्टॉल. मग तपासणी हवीच, आणि तिच्या पोटात स्टॉल हवा. पण बाइंड (गॅजेटचा कोड कंट्रोलरला जोडणं) पूर्ण होण्याआधीच रिक्वेस्ट येत असेल तर ती अवस्थाच चूक आहे; तिथे क्रम दुरुस्त करायचा.

तपासणीची जागाही महत्त्वाची आहे. पॉइंटरमधून आधी एखादं मेंबर वाचून घेतलं आणि नल आहे का ते नंतर विचारलं, तर कंपायलरला म्हणता येतं की ज्यातून वाचलं तो नल असूच शकत नाही, आणि तो तुमची तपासणी काढून टाकू शकतो. लिनक्स कर्नलच्या टीयूएन या आभासी नेटवर्कच्या ड्रायव्हरमध्ये २००९ साली हेच झालं होतं, सुरक्षा दोषांच्या जाहीर यादीत सीव्हीई-२००९-१८९७ म्हणून ते नोंदलेलं आहे. कर्नल तेव्हापासून अशा तपासण्या काढू नयेत असा पर्याय देऊन बांधलं जातं. तुमच्या स्वतःच्या बूटलोडरच्या मेकफाइलमध्ये तो पर्याय आहे का ते पाहून घ्या.

पॉइंटर रिकामा राहण्याच्या नेहमीच्या जागा कोणत्या?

पहिली, आणि सगळ्यात जास्त भेटणारी: पुल-अप (डेटाची तार वर ओढणारा रेझिस्टर) लवकर लागणं. फुल-स्पीड डिव्हाइस डी-प्लसवर १.५ किलोओमचा पुल-अप लावतो तेव्हाच होस्टला कळतं की कोणी आलं आहे. हाय-स्पीड डिव्हाइसही आधी असंच ओळख देतो. हा पुल-अप सॉफ्टवेअरच्या ताब्यात असतो. कंट्रोलरच्या इनिटमध्येच तो लावून टाकला आणि गॅजेटचं बाइंड, एंडपॉइंट शून्यची रिक्वेस्ट, तिचा बफर हे सगळं मागून आलं, तर मधल्या फटीत होस्टचा रीसेट आणि पहिला सेटअप (होस्टची पहिली मागणी) येऊन धडकतो. आधीपासून केबल लावलेला बोर्ड चालू केला की कोसळतो आणि चालू बोर्डाला मागून केबल लावली की नाही, असा फरक दिसला तर इथेच पाहा. पुल-अप सगळ्यात शेवटी लागला पाहिजे.

दुसरी: बंद करतानाचा क्रम. आधी पुल-अप काढायचा, मग एंडपॉइंट थांबवायचे, अडकलेल्या रिक्वेस्ट “शटडाउन” हा दोष देऊन परत करायच्या, आणि सगळ्यात शेवटी मेमरी सोडायची. आधी मेमरी सोडली आणि पॉइंटर शून्य केला, तर मागून आलेला कंप्लिशन कॉलबॅक (रिक्वेस्ट संपल्याचं कळवणारा) त्याच पॉइंटरला हात लावतो. कॉलबॅकनेही आपलं स्टेटस वाचायला हवं. शटडाउन, म्हणजे वजा १०८, आलं असेल तर रिक्वेस्ट पुन्हा रांगेत टाकायची नाही. न पाहता टाकणारे कॉलबॅक खूप आहेत. फास्टबूट एकदा चालवून कंट्रोल-सीने थांबवलं आणि दुसऱ्यांदा चालवताना कोसळलं, तर हा रोग धरा.

तिसरी: मेमरी मिळालीच नाही. एसपीएलमध्ये जागा तोकडी असते, आणि सिंपल मॅलॉक (मेमरी मागायचं साधं फंक्शन) वापरला असेल तर सोडलेली मेमरी परत मिळतच नाही. डीएमएसाठी (प्रोसेसरला वगळून कंट्रोलरने थेट रॅम वापरण्यासाठी) कॅश लाइनला जुळवून मागितलेले बफर आणखी जागा खातात. मॅलॉकने नल दिला आणि कोणी तपासलं नाही, इतकी साधी गोष्ट असते. इथे उपाय सरळ आहे: तपासा, दोष वर कळवा आणि जागा वाढवा.

चौथी: रीलोकेशनच्या (यू-बूट रॅमच्या वरच्या टोकाला हलण्याच्या) आधी ग्लोबल व्हेरिएबलमध्ये पॉइंटर ठेवणं. त्या टप्प्यावर यू-बूटमध्ये बीएसएस (किंमत न दिलेल्या ग्लोबल व्हेरिएबलची जागा) वापरायचाच नसतो. तो नंतर शून्य केला जातो आणि तुमचा पॉइंटर त्यात वाहून जातो.

पाचवी: डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय काय आहे त्याची यादी. फायचा (यूएसबीच्या तारा सांभाळणाऱ्या सर्किटचा) नोड नाही, किंवा डीआर-मोड (होस्ट की डिव्हाइस ते ठरवणारी नोंद) होस्ट लिहिलेला आहे, किंवा कंट्रोलरचा क्रमांक चुकला. मग शोधणारं फंक्शन दोष परत देतं आणि बोलावणारा तो न वाचता पुढे जातो.

कॅशचं वेगळं सांगायला हवं. कंट्रोलरने डीएमएने रॅममध्ये लिहिलं आणि ड्रायव्हरने कॅश इन्व्हॅलिडेट न करता (जुनी प्रत रद्द न करता) वाचलं, तर जुनी शून्यं दिसतात आणि त्यांना तो पॉइंटर समजतो. डेटा कॅश बंद करून पाहा. दोष नाहीसा झाला तर दिशा मिळाली, पण कॅश बंद ठेवणं ही दुरुस्ती नव्हे.

माझ्या लिनक्सवर चालते. तालुक्याच्या दुकानात विंडोजवर लावलं का कोसळते.

प्रत्येक होस्टचे प्रश्न वेगळे असतात. विंडोज नव्या डिव्हाइसला पहिल्या भेटीत २३८ क्रमांकाची स्ट्रिंग मागतो. मायक्रोसॉफ्टचा तो खास डिस्क्रिप्टर आहे. तुमच्या यादीत स्ट्रिंग तीनच. शोधणाऱ्या फंक्शनने नल दिला आणि पुढच्या ओळीने त्याची लांबी मोजली, की संपलं. योग्य उत्तर स्टॉल. मिळालेला निकाल विंडोज रजिस्ट्रीत लिहून ठेवतो, म्हणून पुढच्या वेळी तोच पीसी हा प्रश्न विचारत नाही आणि दोष “आपोआप गेला” असं वाटतं.

डिव्हाइस क्वालिफायर हा १० बाइटचा डिस्क्रिप्टरही असाच. फक्त फुल-स्पीडवर चालणाऱ्या डिव्हाइसने त्याला स्टॉल द्यायचा असतो. डिव्हाइस डिस्क्रिप्टर १८ बाइटचा असला तरी पहिल्यांदा ६४ बाइट मागितले जाणं नेहमीचं आहे, आणि तेवढं उत्तर मिळाल्यावर होस्ट पुन्हा रीसेट देऊ शकतो. अर्धवट राहिलेल्या ट्रान्सफरवर रीसेट आला तर तुमचा कोड काय करतो, हे वाचून पाहायलाच हवं.

घरी टेबलावर काहीच होत नाही, वावरात नेलं का कोसळते. भूतबाधा हाय काय?

टेबलावर बसचा रीसेट शिस्तीत, ठरल्या वेळी येतो. विहिरीवर पंपाचा स्टार्टर तीन हातांवर असतो. कॉन्टॅक्टर ओढला की ठिणगी पडते, तारांमध्ये गोंगाट शिरतो. बोर्ड एका सप्लायवर आणि लॅपटॉप दोन-पिनी अ‍ॅडॉप्टरवर, अर्थिंगचा पत्ता नाही. डेटा लाइनवर चूक झाली की होस्ट रीसेट देतो, तोही ट्रान्सफरच्या मधोमध. म्हणजे जो क्रम घरी कधीच घडला नाही तो इथे थ्री-फेज आली की घडतो.

यातून लोक दोन टोकाचे निष्कर्ष काढतात: कोणी फक्त फेराइटची केबल आणतो, कोणी फक्त कोड बदलतो. दोन्ही करा, पण कोड आधी. रीसेट कधीही आला तरी बूटलोडर मरता कामा नये. वावरात घडणारा क्रम घरी घडवता येतो: फाइल चढत असताना केबल ओढा, किंवा ज्या हबमध्ये पोर्टची वीज बंद करता येते अशा हबवर यूहब-कंट्रोलने पोर्ट चालू-बंद करा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून पाहा. दोष विरळ झाला तर अर्थिंगचा हात आहे हे कळेल.

आणि केबल डेटाची आहे ना? चार्जिंगच्या कित्येक केबलमध्ये डेटाच्या तारा नसतातच.

प्रिंट टाकला की दोष गायब होतो.

११५२०० बॉडवर एका सेकंदात साधारण ११,५२० अक्षरं जातात. ८० अक्षरांची एक ओळ म्हणजे सात मिलिसेकंद. यू-बूटमध्ये यूएसबीचं गॅजेट बहुधा इंटरप्टवर नाही तर लूपमध्ये विचारून चालतं, त्यामुळे तेवढा वेळ बोर्ड होस्टकडे पाहतच नाही. सेट-अ‍ॅड्रेस ५० मिलिसेकंदांत पूर्ण व्हायला हवा असं यूएसबी २.० चं मानक सांगतं. हँडलरमध्ये सात-आठ ओळी छापल्या की ती मुदत संपली आणि सगळा क्रमच बदलला.

म्हणून छापू नका, नोंदवा. रॅममध्ये छोटा गोल बफर ठेवा. प्रत्येक घटनेला एक आकडा आणि टायमरची वेळ: रीसेट, सेटअप, बाइंड, कंप्लिशन, डिसकनेक्ट. कोसळल्यावर अ‍ॅबॉर्ट हँडलरमधून तो छापा. शेवटच्या दहा नोंदी वाचल्या की कोण कोणाच्या आधी आलं ते दिसतं, आणि नल पॉइंटरची बहुतेक प्रकरणं तिथेच सुटतात. होस्टच्या बाजूने लिनक्सवर यूएसबी-मॉन चालू करून वायरशार्कमध्ये पाहा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवा.

जेटॅग (चिपमध्ये थेट डोकावायचं डीबग साधन) घ्यायलाच हवं का?

नाही. असेल तर ओपन-ओसीडीने चांगली मदत होते, पण ब्रेकपॉइंटवर थांबलं की होस्टची मुदत संपते आणि तो रीसेट देतो. कोसळून पडलेला बोर्ड तपासायला ते उत्तम. चालत्या यूएसबीवर पाऊल-पाऊल टाकायला नाही. कमी पैशात आधी चांगली सिरियल केबल घ्या.

लाइट गेली, बोर्ड बंद. तोवर काय करायचं?

सेटअप पॅकेट वाचून उत्तर ठरवणारं फंक्शन कंट्रोलरच्या रजिस्टरांपासून वेगळं काढा. मग ते लॅपटॉपवर साध्या सी प्रोग्रॅमसारखं, अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारा कंपायलरचा पर्याय) लावून चालवता येतं. सेटअप पॅकेट आठच बाइटचं असतं. त्यात मुद्दाम वेडेवाकडे आकडे भरा: नसलेला इंटरफेस, नसलेली स्ट्रिंग, कॉन्फिगरेशन शून्य, उलटी दिशा. लॅपटॉपवर नलला हात लागला की प्रोग्रॅम तिथेच पडतो आणि ओळ दाखवतो. फीडर परत येईपर्यंत बरंच काम उरकतं.

हा फक्त कोसळण्याचा प्रश्न आहे की सुरक्षेचाही?

सुरक्षेचाही. केबल लावणारा प्रत्येक जण होस्ट असतो आणि होस्टला काहीही पाठवता येतं. २०१८ साली टेग्रा चिपच्या बूट रॉममधला यूएसबी दोष उघड झाला, सीव्हीई-२०१८-६२४२. कंट्रोल रिक्वेस्टची लांबी नीट तपासलेली नव्हती, आणि रॉम असल्यामुळे विकल्या गेलेल्या चिप दुरुस्तच करता येत नव्हत्या. यू-बूटच्या डीएफयू कोडमध्येही लांबी आणि दिशा न तपासल्याचा दोष सीव्हीई-२०२२-२३४७ म्हणून नोंदला गेला. यातला कुठलाही नल पॉइंटरचा नाही, पण माती तीच: होस्टने पाठवलेल्या आकड्यावर विश्वास. नल पॉइंटर सापडला की त्याच फंक्शनमधल्या लांबी, इंडेक्स आणि दिशा यांच्या तपासण्या लगोलग वाचून काढा.

दुरुस्ती झाली हे कधी मानायचं?

आधी जुन्या बिल्डवर दोष हमखास घडवता आला पाहिजे. तो कसा घडतो हेच माहीत नसेल तर “आता होत नाही” याला किंमत नाही. मग नव्या बिल्डवर तेच: केबल लावून बोर्ड चालू करणं, चालू बोर्डाला केबल लावणं, मध्येच ओढणं, आज्ञा थांबवून पुन्हा चालवणं, लिनक्स आणि विंडोज दोन्हीवर. शिवाय फाइल खरंच पूर्ण चढली का ते चेकसमने पाहा.

मी केलेली दुरुस्ती यू-बूटच्या मूळ कोडमध्ये पाठवू का?

जरूर पाठवा. तोच ड्रायव्हर वापरणारा दुसरा कोणीतरी आत्ता तिथेच अडकला असेल. पॅच लहान ठेवा, एका पॅचमध्ये एकच दोष. संदेशात तीन गोष्टी हव्यात: कोणत्या बोर्डावर कोणत्या क्रमाने कोसळतं, पॉइंटर रिकामा का राहतो, आणि दुरुस्ती नेमकी इथेच का. अ‍ॅबॉर्टचे छापलेले आकडे सोबत द्या. दोष कोणत्या जुन्या कमिटने (कोडमधल्या नोंदलेल्या बदलाने) आला ते गिट बायसेक्टने सापडलं तर “फिक्सेस” म्हणून त्याचा उल्लेख करा, म्हणजे जुन्या आवृत्त्या सांभाळणाऱ्यांनाही तो उचलता येतो. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी चालतं. तपासणारे क्रम आणि कारण विचारतात. ते तुमच्या गोल बफरच्या नोंदीत आधीच लिहिलेलं असतं.